मिरचीचें कूळ आणि आपलें ऋण

वैशाखाचें ऊन ओसरीच्या कडेला येऊन टेकलें, म्हणजे आमच्या घरीं वर्षाच्या तिखटाची तयारी सुरू होते. मिरच्या चटईवर पसरल्या जातात, देंठ खुडले जातात, आणि घरांतील लहानथोर मंडळी दोन दिवस शिंकत राहते. अशाच एका वर्षीं आम्ही आत्याबाईंच्या समवेत मिरची घेण्यास बाजारांत गेलों होतों. दुकानदारानें मूठभर मिरच्या पुढें करून म्हटलें, “घ्या आजी, अस्सल बेडगी आहे.” आत्याबाईंनीं एक मिरची उचलली, तिच्या सुरकुत्यांवरून अंगठा फिरविला, मधोमध मोडून ती नाकाशीं नेली, आणि “रंग बेडगीचा खरा, पण ही बेडगी नव्हे रे बाबा,” असें म्हणून त्या पुढच्या दुकानाकडे वळल्या. दुकानदार खोटें बोलत होता असें आम्हांस वाटलें नाहीं. ज्यानें त्यास तें पोतें विकलें त्यानेंही हेंच नांव सांगितलें असावें. दोघेही प्रामाणिक, आणि तरीही दोघांचें म्हणणें परस्परविरुद्ध!

घटना अगदीं सामान्य आहे. परंतु तिच्या पोटांत एक असामान्य प्रश्न दडलेला आहे. बेडगी म्हणजे काय? कर्नाटकांतील हावेरी जिल्ह्यांत ब्याडगी नांवाचें गांव आहे, त्यावरून हें नांव पडलें. मग त्या मुलखांत पिकेल तीच बेडगी, कीं तेथलें बीं नेऊन अन्यत्र लाविलें तरी तीही बेडगीच? गडद तांबडा रंग, सुरकुतलेली साल व बेताचा तिखटपणा हीं लक्षणें जिच्या ठायीं आढळतील ती बेडगी, कीं जिच्या आईची आई बेडगी होती ती बेडगी? आत्याबाई गुणांवरून निवाडा करीत होत्या, दुकानदार नांवावरून करीत होता, आणि कायदा स्थळावरून करतो. ब्याडगीच्या मिरचीस २०११ सालीं भौगोलिक निर्देशाचें संरक्षण मिळालें तें ह्याच न्यायानें. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ह्या वादांत एक चौथा पक्ष उभा राहिला आहे. तो नांव विचारीत नाहीं, चव घेत नाहीं, गांवही पाहत नाहीं. पानाचा एक तुकडा घेतो आणि झाडाचें कूळ सांगतो. हा नवा साक्षीदार काय सांगूं शकतो व काय सांगूं शकत नाहीं, आणि त्याची साक्ष ऐकल्यावर आपल्यावर कोणतें कर्तव्य येऊन पडतें, ह्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या परीक्षेची रीति समजण्यास आमच्या वाचकांना एक परिचित दृष्टान्त पुरेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें आणि तें १९६६ सालीं पुरें केलें. निरनिराळ्या प्रांतांतून व निरनिराळ्या लिप्यांतून आलेल्या पोथ्या शेजारीं शेजारीं ठेवून संशोधक त्यांतील पाठभेद टिपून घेत. एका लेखकाच्या हातून चुकून पडलेलें अक्षर त्याच्या पोथीवरून नक्कल करणारे पुढें चालवीत जातात. म्हणून एकच विशिष्ट चूक ज्या दोन पोथ्यांत आढळते, त्या एका कुळांतल्या असें अनुमान निघतें. मिरचीच्या प्रत्येक बीजांतही अशी एक पोथी आहे. तिचीं अक्षरें चारच प्रकारचीं, परंतु त्यांची संख्या तीनशें कोटींच्या वर जाते. तिचे खंड बारा, आणि प्रत्येक खंडाच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली व दुसरी बापाकडून. ह्या पोथीचें पहिलें समग्र वाचन २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होत असतां तिच्यांतही लेखनदोष शिरतात. कोठें एक अक्षर बदलतें. कोठें दोन अक्षरांचा एखादा तुकडा, तोतरें बोलणाऱ्याच्या शब्दाप्रमाणें, दहा वेळां यावयाचा तो बारा वेळां येतो. हे जे पाठभेद, त्यांनाच शास्त्रज्ञ रेणुचिन्हें म्हणून वापरतात.

प्रयोगशाळेंतील कृति पाहिली तर ती स्वयंपाकघराहून फारशी दूर नाहीं. कोंवळें पान द्रवरूप नत्रवायूच्या कडक थंडींत कुटून त्याची पूड करतात; क्षार व साबणासारख्या द्रव्यांनीं पेशी फोडतात; आणि मद्यार्क घालून डी. एन्. ए.चे पांढुरके तंतू वेगळे काढतात. मग त्या अफाट पोथींतील एखादें नेमकें स्थळ निवडून एकाच्या दोन, दोहोंच्या चार, अशा त्याच्या प्रती करवितात. तीस फेऱ्या झाल्या कीं ही संख्या शंभर कोटींच्या घरांत जाते. ह्या प्रती एका पारदर्शक, थलथलीत वडीच्या कडेस ठेवून तिच्यांतून वीज सोडली, म्हणजे आंखूड तुकडे भराभर पुढें सरकतात व लांब तुकडे मागें रेंगाळतात. विशिष्ट दिव्याखालीं त्यांच्या पट्ट्या दिसूं लागतात, आणि दोन झाडांच्या पट्ट्या शेजारीं ठेवून पाहिल्या कीं त्यांचें साम्य व भेद मोजतां येतो. अलीकडे यंत्रें हजारों स्थळें एकदम वाचतात. परंतु तत्त्व तेंच, पोथ्या ताडून पाहण्याचें.

आतां ह्या साक्षीदारानें आजवर काय काय सांगितलें तें पाहूं. पहिली गोष्ट आपल्या अभिमानास थोडी झोंबणारी आहे. ज्या मिरचीवांचून महाराष्ट्राची न्याहारी आपणांस कल्पितांही येत नाहीं, तिचें सारें गोत अमेरिका खंडांतलें आहे. ही गोष्ट इतिहासास पूर्वीच ठाऊक होती. रेणुचिन्हांनीं तिजवर शिक्कामोर्तब केलें. एक्वेडोर देशांत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांना व वाटण्याच्या दगडांना चिकटलेले मिरचीचे पिष्टकण सांपडले आहेत. १४९२ सालीं कोलंबस निघाला तो आपल्याकडील मसाल्याच्या शोधांत. त्यास मिरीं मिळालीं नाहींत, मिरची मिळाली, आणि युरोपियांनीं तिला मिऱ्याचेंच नांव देऊन टाकलें. आपणही तेंच केलें: संस्कृतांतील ‘मरिच’ म्हणजे मिरें, आणि त्याच शब्दाच्या कुळांतून ह्या परदेशी पाहुणीचें ‘मिरची’ हें नांव निघालें. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें व त्याच शतकांत त्यांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तेव्हां ज्ञानेश्वरांच्या काळच्या चुलीवर मिरीं होतीं, आलें होतें, पिंपळी होती, मिरची नव्हती. जो ठेचा आपण आपल्या मातीचा जन्मसिद्ध गुण मानतों, तो पांच शतकांहून जुना नाहीं.

दुसरी गोष्ट नांवांच्या फसवेपणाची. १७७६ सालीं जॅकिन नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें मिरचीच्या एका जातीस ‘कॅप्सिकम चायनेन्स’, म्हणजे चिनी मिरची, असें नांव दिलें. चीनशीं तिच्या जन्माचा कांहींएक संबंध नाहीं. ती अमेझॉनच्या प्रदेशांतली. तथापि शास्त्राच्या बारशाला जें नांव एकदां ठेविलें तें आजही चालूं आहे. आसाम-नागभूमींतील जी भूत जोलोकिया मिरची आपल्या दाहकतेमुळें जगप्रसिद्ध झाली, तिच्या जातीविषयींही पुष्कळ काळ घोळ होता. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें रेणुचिन्हांच्या आधारें दाखविलें कीं, ती मुख्यतः ह्या तथाकथित चिनी जातीचीच असून तिच्यांत फ्रूटेसेन्स नांवाच्या दुसऱ्या एका जातीचेंही रक्त मिसळलेलें आहे. पुढें २०२१ सालीं निरनिराळ्या देशांच्या बीजभांडारांतील दहा हजारांहून अधिक मिरची-नमुन्यांची एकत्र तपासणी प्रसिद्ध झाली. तींत जुन्या व्यापाराच्या वाटा बीजांच्या नात्यांतून उमटलेल्या दिसल्या, आणि निरनिराळ्या नांवांनीं व क्रमांकांनीं जपून ठेविलेले शेंकडों नमुने वस्तुतः एकच आहेत हेंही उघडकीस आलें.

तिसरी गोष्ट अशी कीं, डोळ्यांना व जिभेला जो भेद मोठा वाटतो तो कुळाच्या दृष्टीनें मोठा असतोच असें नाहीं. मुलांच्या डब्यांत जाणारी निरुपद्रवी ढोबळी मिरची आणि डोळ्यांतून पाणी काढणारी लवंगी ह्या दोघी एकाच जातीच्या, कॅप्सिकम अॅन्युअमच्या, लेकी आहेत. तिखटपणा मुळांत असावा कीं नसावा हें मुख्यतः एका जनुकावर अवलंबून असतें, व तो जनुक २००५ सालीं ओळखला गेला. ढोबळीच्या पोथींत नेमकें त्या ठिकाणचें पान फाटलेलें आहे, एवढेंच. इतका लहान फरक, आणि त्यावर आपण एकीला भाजी म्हणतों व दुसरीला मसाला!

ही साक्ष ऐकून मनुष्य नम्र होतो, आणि ज्या ज्ञानानें मनुष्य नम्र होतो तें ज्ञान हितकरच होय. परंतु येथेंच एक धोका उभा राहतो. नातें मोजतां आलें म्हणजे मोलही मोजतां आलें असा भ्रम होण्याचा संभव आहे. पाठभेदांच्या शास्त्रांतील एक मर्म येथें ध्यानांत घ्यावें. वंशवृक्ष जुळविण्यास अर्थहीन चुकाच अधिक उपयोगी पडतात. कारण अर्थपूर्ण पाठ कोणीही जाणूनबुजून सुधारील किंवा उचलून घेईल, परंतु निरर्थक चूक कोणाच्या डोळ्यांवर न येतां कुळांत उतरत राहते. रेणुचिन्हांचेंही तसेंच आहे. त्यांतील बहुसंख्य चिन्हें झाडाच्या रंगाशीं, चवीशीं किंवा रोगप्रतिकाराशीं संबंध नसलेल्या जागीं असतात, आणि म्हणूनच तीं निःपक्षपाती साक्षीदार ठरतात. पन्नास चिन्हांत तंतोतंत जुळणाऱ्या दोन मिरच्यांत एकावन्नाव्या ठिकाणीं असा भेद असूं शकेल कीं, त्यामुळें एक रोगांत तग धरील व दुसरी करपून जाईल. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत गणपतीनें लेखनिक होण्याची कथा मूळ संहितेंत ठेविलेली नाहीं. पोथ्यांच्या साक्षीनें ती मागाहून आलेली ठरली. म्हणून ती कथा ज्यांनीं लहानपणीं ऐकली त्यांच्या दृष्टीनें तिचें मोल कमी झालें काय? कुळाचा निर्णय संशोधकानें करावा व तो आपण मानावा. मोलाचा निर्णय त्यांतून आपोआप निघत नाहीं.

हा भेद केवळ तार्किक नाहीं, व्यवहारांत त्याला धार आहे. सर्वच वाणांचें जतन करण्याइतका पैसा कोठेंच नसतो. तेव्हां बीजभांडाराचा अधिकारी रेणुचिन्हांचा तक्ता पुढें ठेवतो आणि जेणेंकरून थोड्या नमुन्यांत अधिकांत अधिक भेद साठेल अशी निवड करतो. ही काटकसर शहाणपणाची आहे, तिला आमचा विरोध नाहीं. परंतु काटकसर म्हणजे न्याय नव्हे. तक्त्यावर जो वाण शेजारच्या वाणाशीं फार जुळतो म्हणून ‘जादा’ ठरला, तो एखाद्या गांवाचा सगळा संसार असूं शकेल. दक्षिण गोव्यांत काणकोण तालुक्यांत खोला म्हणून गांव आहे. तेथील डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर जी मिरची होते, तिच्या पाठीशीं त्या उताराची माती आहे, त्या पावसाचा अंदाज आहे, आणि वर्षानुवर्षें पुढच्या हंगामासाठीं उत्तम फळें बाजूला काढून ठेवणारे हात आहेत. वडीवरील पट्ट्यांत हे हात उमटत नाहींत.

मग मिरची कोणाची, हा दुसरा प्रश्न ओघानें येतो. ह्यास जगानें थोड्याच काळांत तीन वेगवेगळीं उत्तरें दिलीं. १९८३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें ठरविलें कीं, वनस्पतींचें बीजधन ही अखिल मानवजातीची सामायिक ठेव आहे. १९९२ सालच्या जैवविविधतेच्या करारानें म्हटलें कीं, तें ज्या त्या राष्ट्राच्या सार्वभौम अधिकारांतलें आहे. २००१ सालच्या आंतरराष्ट्रीय बीजकरारानें कांहीं पिकें परस्पर देवघेवीसाठीं मोकळीं ठेविलीं. त्या यादींत वांगें आहे, मिरची नाहीं. त्याच वर्षीं आपल्या देशानें वाणांच्या संरक्षणाचा व शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला आणि शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, वांटण्याचा व व्यापारी मुद्रा न लावतां विकण्याचा हक्क मान्य केला.

ह्या तिन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, परंतु एकही शेवटपर्यंत टिकत नाहीं. मालकी रक्तानें ठरावयाची असेल, तर अॅन्युअम जातीची प्रत्येक मिरची मेक्सिकोच्या परिसरांतील प्राचीन शेतकऱ्यांची आहे, व आपल्या पंगतींतल्या प्रत्येक वाटीवर त्यांचा कर आहे. ती श्रमानें ठरावयाची असेल, तर बेडगी व भिवापुरी ह्या नक्कीच आपल्या. पण मग ‘आपल्या’ म्हणजे राष्ट्राच्या नव्हेत, ज्यांनीं त्या निवडून-निवडून घडविल्या त्या कुळंब्यांच्या. आणि ती सर्वांची म्हटली, तर जो बलवान तोच ह्या ‘सर्वां’च्या वतीनें ती उचलून नेतो, हा अनुभव आहे. शिवाय कायद्यांत एक विसंगति आहे. संरक्षण हवें असेल तर वाण वेगळा, एकसारखा व स्थिर असावा अशी अट असते. शेतकऱ्यांच्या वाणांना ह्यांत कांहीं सवलत दिलेली आहे. तरीही मूळ आदर्श एकसारखेपणाचाच. वस्तुतः जुन्या गांवरान वाणाचा गुण हाच कीं, त्याच्या एका वाफ्यांतलीं सर्व झाडें एकसारखीं नसतात. रोग आला तर कांहीं मरतात, कांहीं वांचतात. ज्या विविधतेचें आपण संरक्षण करूं म्हणतों, तिनें प्रथम गणवेश घालून दारांत उभें राहावें, अशी ही अपेक्षा आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, ही चर्चा निष्फळ आहे. बीं शीतगृहांत ठेविलें कीं झालें, शेतकरी पाहिजे तें लावो. ह्या म्हणण्यास थोडें उत्तर दिलें पाहिजे. शीतगृहांतील बीं जिवंत राहतें, पण तें जगत नाहीं. बाहेर रोग बदलतात, पाऊस बदलतो, आणि तें मात्र ज्या दिवशीं निजलें त्याच दिवशीं राहतें. त्याला अधूनमधून मातींत उतरवावेंच लागतें. तरीही शीतगृहें हवींत, ह्यांत शंका नाहीं. १९४१ ते १९४४ ह्या काळांत लेनिनग्राडला वेढा पडला असतां, व्हाव्हिलोव्हच्या बीजसंस्थेंतील कित्येक सेवक भुकेनें मेले, परंतु भोंवतीं धान्याच्या राशी असूनही त्यांनीं त्या बीजास हात लाविला नाहीं. स्वतः व्हाव्हिलोव्ह १९४३ सालीं सारातोव्हच्या तुरुंगांत मरण पावला. ही कथा ऐकून मान लवत नाहीं असा मनुष्य विरळा.

परंतु ह्याच कथेनें आम्हांस एक वेगळी शंका सुचविली, आणि तीच ह्या लेखाचें खरें कारण आहे. त्या सेवकांचा त्याग थोर, कारण तो त्यांनीं स्वतः पत्करला होता. तोच त्याग दुसऱ्यानें करावा अशी मागणी करण्याचा अधिकार कोणास आहे? आज आपण सभांतून व लेखांतून शेतकऱ्यास सांगतों, बाबा, तुझा जुना वाण टाकूं नकोस, त्यांत मानवजातीची संपत्ति आहे. त्याच्या बांधापलीकडे संकरित मिरची दुप्पट तोडा देत असते. त्याच्या मुलीच्या शाळेची फी थकलेली असते. तो उत्तर देत नाहीं, कारण आपण त्याला प्रश्न विचारलेलाच नसतो. उपदेश केलेला असतो. आणि हा उपदेश करणारे आपण घरीं जाऊन बाराही महिने एकाच रंगाची, एकाच चवीची तिखटाची पुडी फोडतों. ज्या भेदाचें आपण गुणगान करतों, तो भेद आपल्याला ताटांत नको असतो. तो दुसऱ्याच्या शेतांत हवा असतो, आणि तोही फुकट.

आमच्या मतें ह्या सर्व घोटाळ्याचें मूळ ‘मालकी’ ह्या शब्दांत आहे. आपल्या परंपरेंत ह्याहून अधिक योग्य शब्द आहे, तो म्हणजे ऋण. मनुष्य देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊनच जन्मास येतो असें आपले पूर्वज मानीत. ह्या ऋणांचें वैशिष्ट्य असें कीं, तीं ज्याचीं घेतलीं त्यास परत देतां येत नाहींत. ऋषिऋण फेडावयाचें तें ऋषीस विद्या परत देऊन नव्हे, ती शिष्यास देऊन. पितृऋण फिटतें तें पुत्राच्या संगोपनानें. बीजाचें ऋण ह्याच जातीचें आहे. सहा हजार वर्षांपूर्वीं ज्या अनाम हातांनीं रानटी झुडपाचीं फळें निवडलीं त्यांचे वंशज शोधून त्यांना आपण काय देणार? परंतु तें बीं पुढें चालविणारा आज आपल्यासमोर उभा आहे, आणि देणें त्याचेंच आहे.

रेणुचिन्हांचें नैतिक महत्त्व आम्हांस येथें दिसतें. त्यांनीं मोल ठरविलें नाहीं, मालकही ठरविला नाहीं. परंतु त्यांनीं अज्ञानाची सबब मात्र हिरावून घेतली. जोंवर मिरची ही नुसती मिरची होती, तोंवर एक वाण गेला काय नि राहिला काय, असें म्हणतां येत होतें. आतां पोथी उघडली आहे. कोणतें पान कोठें आहे व कोणतें फाटत आहे हें दिसूं लागलें आहे. दिसूं लागल्यावर डोळे मिटून घेणें म्हणजे अज्ञान नव्हे, तो अपराध होय. ह्याच चिन्हांनीं पोत्यांतील भेसळही उघडकीस येऊं शकते, आणि मग खऱ्या नांवाचा खरा भाव मागण्यास शेतकऱ्यास आधार मिळतो. मात्र तो भाव शेवटीं त्याच्या पदरांत पडतो कीं वाटेंत दुसऱ्याच्या गल्ल्यांत, हें कोणत्याही वडीवर उमटत नाहीं. तें पाहणें आपलें काम आहे. ज्यास भेद हवा त्यानें भेदाची किंमत मोजावी, हा साधा व्यवहार आहे. त्यास धर्म म्हणावयाचें असेल तर आमची हरकत नाहीं.

त्या दिवशीं आत्याबाईंना चौथ्या दुकानांत मनाजोगी मिरची मिळाली. भाव पहिल्या दुकानाहून बराच अधिक होता. आम्ही घासाघीस करूं लागलों तेव्हां त्यांनीं आमचा हात दाबला आणि पदराची गांठ सोडली. घरीं येतांना आम्हीं कारण विचारलें, तर त्या एवढेंच म्हणाल्या, “अरे, ही पिकविणाऱ्याला परवडली नाहीं, तर पुढच्या वर्षीं मिळेल कोठून?” त्यांनीं पोथी वाचली नव्हती, पण ऋण त्यांना कळलें होतें.